तंत्रविद्या आणि सातबाराचा उतारा

‘तंत्रविद्या’ हा शब्द अलीकडे सर्वांच्या तोंडीं झाला आहे. सभेंत वक्ते तो उच्चारतात, वर्तमानपत्रांत तो रोज छापला जातो, आणि मुलें शाळेंतून घरीं आलीं म्हणजे त्यांच्याहि बोलण्यांत तो येतो. परंतु त्याचा अर्थ विचारला असतां बहुतेक जण एखाद्या यंत्राकडे बोट दाखवितात. कोणी ट्रॅक्टर दाखवितो, कोणी विजेचा पंप, कोणी खिशांतला मोबाइल. हीं सर्व यंत्रें आहेत हें खरें. परंतु यंत्र म्हणजे तंत्रविद्या नव्हे. हा भेद न कळल्यामुळें शेतकरी वर्गाचें पूर्वीं फार नुकसान झालें आहे व आजहि होत आहे, असें आमचें मत आहे. सबब प्रत्येक खातेदाराच्या परिचयाच्या एका वस्तूवरून, म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावरून, तो भेद स्पष्ट करून दाखविण्याचें ह्या लेखांत योजिलें आहे.

आम्ही कोणी मोठे विद्वान नाहीं. आमचें शिक्षण गांवच्या मराठी शाळेंत झालें आणि उभी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. तेव्हां जें सांगावयाचें आहे तें दप्तरांत बसून पाहिलेलें आहे, आणि त्यांत एक आमची स्वतःची चूकहि आहे.

१. वस्तु, रीत आणि जाण

प्रथम मोटेचें उदाहरण घेऊं. विहिरीवर मोट चाले तेव्हां चामड्याची मोट, नाडा, चाक, धाव आणि बैलजोडी इतकी सामग्री लागे. परंतु एवढी सामग्री जमवून कोणा तिऱ्हाइतास धावेवर उभें केलें असतें, तर थारोळ्यांत पाणी आलें नसतें. बैल कोठें थांबवावे, मोट केव्हां उलटूं द्यावी, कोणत्या वाफ्यास किती पाणी पुरेल, हें सर्व मोट हांकणारास व दारें धरणारास ठाऊक असावें लागे. तात्पर्य, मोट म्हणजे तीन गोष्टींची जोडणी होती: एक वस्तु, दुसरी ती चालविण्याची रीत, आणि तिसरी त्या रीतीमागची जाण. ह्या तिहींच्या जोडणीस आम्ही तंत्रविद्या म्हणतों. ह्यांपैकीं वस्तु विकत मिळते, रीत पाहून येते. जाण मात्र शिकावी लागते.

पुढें मोट गेली आणि इंजिन व विजेचा पंप आला. माणसांचे व बैलांचे कष्ट वांचले, बागाईत वाढलें. ह्याबद्दल कोणीहि शहाणा मनुष्य हळहळणार नाहीं. परंतु त्याबरोबर दुसरीहि एक गोष्ट घडली. मोट फाटली तर ती गांवांतच शिवून मिळे. पंपाची मोटार जळली म्हणजे ती तालुक्याच्या गांवीं न्यावी लागते, आणि ऐन उन्हाळ्यांत चार दिवस पीक सुकत राहतें. कष्ट कमी झाले, पण दुरुस्तीची जाण गांवांतून उठून तालुक्याच्या दुकानांत जाऊन बसली.

प्रत्येक नवें तंत्र तीन कामें करतें असा आमचा अनुभव आहे. तें कष्ट कमी करतें; जाण एका हातांतून दुसऱ्या हातांत नेतें; आणि ज्याच्या हातीं जाण गेली त्याच्यावर इतरांस अवलंबून ठेवतें. पहिलें काम सर्वांस दिसतें म्हणून त्याची स्तुति होते. उरलेलीं दोन लवकर दिसत नाहींत. तीं बहुधा नुकसान झाल्यावर दिसतात. हाच नियम जमिनीच्या मोजणीस व तिच्या कागदांस कसा लागू पडतो तें आतां पाहूं.

२. साखळीचा धडा

पूर्वीं आपल्याकडे जमीन काठीनें मोजीत. वीस काठ्यांचा एक पांड व वीस पांडांचा एक बिघा असें कोष्टक असे. परंतु काठीची लांबी सर्वत्र सारखी नसल्यामुळें एके ठिकाणचा बिघा दुसऱ्या ठिकाणच्या बिघ्याशीं जुळत नसे. इंग्रजी अंमल आल्यावर १८२७ च्या सुमारास प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्यांत मोजणी व जमाबंदीचें काम हातीं घेतलें. जमिनीची प्रत ठरवावयाची, तिचें उत्पन्न काढावयाचें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावयाचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ इतका सारा बसवावयाचा, अशी ती योजना होती. कागदावर ती शास्त्रशुद्ध दिसे. परंतु तो हिशेब इतका गुंतागुंतीचा होता कीं, ज्याच्यावर सारा बसावयाचा त्या शेतकऱ्यास तो कळणें तर दूरच, पण हाताखालच्या नोकरांनीं त्यांत काय घातलें व काय गाळलें हें वरिष्ठांसहि नीट उमगेना. सारा जड झाला, शेतें पडीक पडलीं, आणि शेवटीं ती योजना सोडून द्यावी लागली.

त्यानंतर १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट ह्या दोघां अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत नव्यानें आरंभ केला. त्यांची पद्धति पुष्कळ साधी होती. शेतास नंबर द्यावा, हद्दीवर खूण करावी, जमिनीची प्रत ठरवावी आणि बसविलेला सारा ३० वर्षें कायम ठेवावा. मुंबई इलाख्याच्या ह्या मोजणींत ३३ फुटांची साखळी वापरीत व तिचे १६ आणे करीत. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. रुपयाचे सोळा आणे ज्यास ठाऊक, त्यास साखळीचे सोळा आणे निराळे शिकवावे लागत नव्हते. साखळी जमिनीवर पडे ती डोळ्यांस दिसे, हद्दीचा दगड जागेवर दिसे, आणि आपल्या शेताचा नंबर घरांतल्या लहान मुलासहि पाठ होई.

ह्या पद्धतींत दोष नव्हते असें नाहीं. पुढें सारावाढीच्या तक्रारीहि पुष्कळ झाल्या. तरी तो गुंठा आज जवळजवळ दोनशें वर्षांनींहि आपल्या तोंडांत टिकून आहे. प्रिंगलची पद्धति अधिक सूक्ष्म होती, पण ती पडताळतां येत नव्हती. साखळीची पद्धति ठोकळ होती, पण ती पडताळतां येत होती. ज्याच्यावर तंत्र चालावयाचें त्यास तें पडताळून पाहतां आलें पाहिजे, हा ह्यांतील पहिला धडा.

३. न वाचलेल्या कागदाची किंमत

मोजणी डोळ्यांस दिसत होती. पण तिच्या मागोमाग आलेला कागद शेतकऱ्यास दिसूनहि दिसत नव्हता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांच्या जमावानें सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला, आणि पुढें पुणें व नगर ह्या दोन जिल्ह्यांतील अनेक गांवीं हें लोण पसरलें. ह्या दंग्यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे मागून घ्यावे व जाळावे, असा प्रकार ठिकठिकाणीं झाला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं चढलेला कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता, आणि सावकारांनीं हात आखडला होता. हीं कारणें इतिहासकार देतात व तीं खरीं आहेत.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें पाहिलें असतां मूळ दुखणें निराळें दिसतें. लेखी रोखा, मुद्रांक, दिवाणी कोर्ट आणि हुकूमनामा हें सर्व मिळून एक नवें तंत्र होतें. तें सावकारास येत होतें, शेतकऱ्यास येत नव्हतें. शेतकरी कागदाच्या तळाशीं नांगराची निशाणी करी. वर काय लिहिलें आहे तें लिहिणारा सांगेल तेवढेंच त्यास कळे. वस्तु त्याच्यासमोर होती, रीतहि त्याच्या हातून पार पडत होती. जाण तेवढी दुसऱ्याची होती.

सरकारनें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला व शेतकऱ्यानें करून द्यावयाचे दस्त गांवच्या नोंदणीकारासमोर व्हावे अशी तजवीज त्यांत ठेविली. ह्या उपायानें लबाडीस कांहीं आळा बसला असेल. पण कायद्यानें कागदास साक्षीदार मिळतो. कागद वाचण्याची शक्ति कायद्यास देतां येत नाहीं, ती शाळेनेंच द्यावी लागते. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत सरकारचें उत्पन्न बहुतांशीं शेतकऱ्याच्या श्रमांतून येतें आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, हें स्पष्ट सांगून खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सुप्याच्या दंग्याचें खरें उत्तर तेंच होतें.

४. मोडीचे कागद

शाळा निघाल्या, वाचन वाढलें. तरी तंत्र बदललें म्हणजे वाचणाराहि पुन्हा निरक्षर होऊं शकतो, ह्याचें उदाहरण बहुतेक जुन्या घरांत सांपडेल. आपलें सर्व जुनें दप्तर मोडी लिपींत आहे. बोरूनें भरभर लिहिण्यास मोडी सोयीची. छापण्यास मात्र बाळबोध सोयीची. छापखाना आला, पाठ्यपुस्तकें बाळबोधांत निघालीं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी शिकविणें बंद पडलें. ह्यापासून मोठा लाभ झाला. एकच लिपि शिकून पोथी, वर्तमानपत्र व सरकारी कागद हीं सर्व वाचतां येऊं लागलीं, आणि मूठभर लेखनिकांची विद्या सर्वांची झाली.

परंतु त्याच वेळीं पणज्याचें वाटणीपत्र व गहाणखत ट्रंकेंत असूनहि नातवास मुकें झालें. आमच्या नोकरींत अशा कागदांच्या गुंडाळ्या घेऊन येणारे खातेदार आम्हीं अनेक पाहिले. कागद त्यांचा, जमीन त्यांची, आणि मजकूर सांगणारा जाणकार मात्र शोधावा लागे. मोडी जाऊं नये होती असें आमचें म्हणणें नाहीं. ती जात असतां प्रत्येक घरानें आपले चार महत्त्वाचे कागद बाळबोधांत उतरून घ्यावयास हवे होते, इतकेंच आमचें म्हणणें आहे. आज आपण तशाच एका बदलांतून जात आहों.

५. संगणकावरील उतारा आणि आमची चूक

जमिनीवरील हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं झाला. आज हें काम महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याप्रमाणें चालतें. गांव नमुना सात हा हक्काचा, व गांव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. आठ-अ हा एका खातेदाराच्या गांवांतील सर्व जमिनीचा गोषवारा, आणि सहा नंबर म्हणजे फेरफाराची नोंदवही. ह्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या हातानें लिहिल्या जात. २००८ सालीं केंद्र सरकारनें भूमि-अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम हातीं घेतला. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून तलाठ्याच्या संगणकीय सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवरून करावयाची पद्धति राज्यभर सुरू झाली.

ह्यापासून झालेला लाभ नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. एका उताऱ्यासाठीं तीन खेपा घालाव्या लागत, त्या वांचल्या. हस्तलिखित वहींत खाडाखोड करणें सोपें होतें, तें अवघड झालें. परंतु वरील नियम येथेंहि लागू पडला, आणि तो आमच्याच हातून कसा पडला तें सांगतों.

हस्तलिखित वह्या संगणकांत उतरून घेण्याचें काम चालू होतें त्या वेळीं आम्ही एका कचेरींत कारकून होतों. मजकूर भरणारे दुसरे असत. भरलेला मजकूर वहीशीं ताडून पाहणें हें आमचें काम. मुदत थोडी, गांवें पुष्कळ, आणि रात्रीं उशिरापर्यंत बसावें लागे. एका वृद्ध खातेदाराची दोन एकर जमीन होती. नव्या मापांत ती ० हेक्टर ८१ आर. भरणारानें ८१ चे १८ केले. आम्हीं ताडून पाहिलें, आणि तें आमच्या नजरेंतून सुटलें. बेरीज आकारबंदाशीं जुळते कीं नाहीं हें पाहावयास हवें होतें. तेंहि आम्हीं त्या रात्रीं पाहिलें नाहीं. वहीवर बरोबर म्हणून खूण मात्र केली.

तो उतारा त्या गृहस्थाच्या घरीं तीन वर्षें पडून होता. पुढें एका हंगामास ते सोसायटींत पीककर्जास गेले, तेव्हां कर्ज अठरा आरांवर बसलें. पेरणी तोंडावर आलेली. उरलेली रक्कम त्यांनीं खासगींत व्याजानें काढली. मग ते आमच्याकडे आले. उतारा पाहतांच आमची चूक आमच्या ध्यानांत आली. आम्हीं त्यांस विचारलें, “आबा, तीन वर्षें हा कागद घरांत होता. क्षेत्र कमी लागलें आहे हें तुम्हीं आधीं कसें सांगितलें नाहीं?” ते म्हणाले, “भाऊसाहेब, कागद छापील होता. छापील कागदांत चूक असेल असें मनांतच आलें नाहीं. आणि आमची जमीन दोन एकर. ह्यांत एकर कोठें लिहिलेंच नाहीं.”

ह्या उत्तरावर आम्हांस बोलतां येईना. अधिनियमाच्या कलम १५५ प्रमाणें लेखनाची चूक दुरुस्त करतां येते. त्याप्रमाणें अर्ज होऊन उतारा दुरुस्त झाला. पण त्या हंगामाचें व्याज त्यांनाच भरावें लागलें, आणि त्याची दुरुस्ती कोणत्याहि कलमांत नाहीं. चूक आमची होती हें आम्हीं त्यांस सांगितलें व येथेंहि सांगतों. तरी ह्या प्रसंगांत एक गोष्ट स्पष्ट झाली. हा मनुष्य अशिक्षित नव्हता. त्यास वाचतां येत होतें. ज्यास आपल्या बांधाचा प्रत्येक दगड ठाऊक, त्याच्या हातीं त्याच्याच शेताचें क्षेत्र अशा भाषेंत आलें कीं तें त्यास पडताळतां येईना. एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, म्हणजे दोन एकर हे सुमारें एक्यायशीं आर व्हावयास पाहिजेत, एवढें एकच वाक्य त्यास कोणीं सांगितलें असतें, तर त्यानें तो उतारा त्याच दिवशीं परत आणला असता.

२०१७ सालीं सरकारनें संगणकावरचे उतारे गांवोगांवीं चावडीवर वाचून दाखविण्याची मोहीम काढली व लोकांकडून चुका विचारून घेतल्या. नव्यांतल्या नव्या यंत्राची परीक्षा शेवटीं जुन्या चावडीवाचनानेंच करावी लागली. यंत्रास बेरीज कळते. हें शेत कोणाचें व किती, हें गांवास कळतें.

६. समाजावर होणारा परिणाम

तंत्र बदललें म्हणजे माणसांचे परस्परसंबंधहि बदलतात. लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यावर करून देई. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी शंका घेणारे शेतकरी पुष्कळ होते. जमीन नासली नाहीं. खोल नांगरट झाली. पण नांगर रोख पैशानें विकत घ्यावा लागला, आणि बलुत्याची एक गांठ त्याबरोबर सैल झाली. शेतकरी ज्याची भीति बाळगीत होता तें घडलें नाहीं, आणि ज्याचा विचार कोणीं केला नव्हता तें घडलें. नव्या तंत्राचें बहुधा असेंच होतें.

उताऱ्याचेंहि तसेंच झालें आहे. पूर्वीं गांवचा कागद वतनदार कुलकर्ण्याच्या घरीं असे. १९५० च्या कायद्यानें तें वतन गेलें व पगारी तलाठी आला. आतां उतारा सर्वांस खुला आहे. परंतु ज्यास मोबाइल नीट वापरतां येत नाहीं तो केंद्रावरच्या मुलाकडे जातो, त्यास आपला मोबाइल क्रमांक व आलेला गुप्त आंकडा सांगतो, आणि तो देईल तो कागद घेऊन येतो. कुलकर्ण्याच्या जागीं तो मुलगा आला. आपण जेथें होतों तेथेंच राहिलों. त्या मुलाचा ह्यांत दोष नाहीं. जाण आपण सोडली, म्हणून ती त्याच्याकडे गेली.

दुसरा परिणाम चांगला आहे, जरी तो पुष्कळांस रुचत नाहीं. पूर्वीं सासरीं गेलेल्या बहिणीस माहेरच्या जमिनीचा उतारा पाहावयाचा असेल तर तो भावाच्या हातूनच पाहावा लागे. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. आणि आतां ती मुंबईंत बसून वारसांच्या नोंदींत आपलें नांव आहे कीं गळलें आहे हें स्वतः पाहूं शकते. ज्या भावानें नांव प्रामाणिकपणें लावलें आहे त्यास ह्याची भीति नाहीं. हें तंत्र तिच्या हातीं आल्यामुळें कलह वाढला असें म्हणणारे लोक आहेत. आमच्या मतें कलह आधींच होता. तो झांकलेला होता.

७. शिक्षणाचा प्रश्न

आमच्या लहानपणीं गांवांतल्या म्हाताऱ्यांस पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत असत. बाजारांत धान्याचा हिशेब ते चालतां चालतां करीत. आज तो हिशेब यंत्र करतें व तें बरोबर करतें. म्हणून सर्व मुलांकडून पुन्हा अडीचकी घोकून घ्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आलेलें उत्तर दोन एकरांचें आहे कीं अर्ध्या एकराचें, हें ज्यास नुसतें पाहून कळत नाहीं, त्याच्या हातांतील यंत्र त्याचें नोकर नसून धनी आहे. शाळेनें मुलास यंत्र चालवावयास शिकवावें. पण त्याहून आधीं यंत्राचें उत्तर चुकलें असेल तर तें ओळखावयास शिकवावें. सातवीच्या वर्गांत क्षेत्रफळाचा धडा असतो. तो पुस्तकांतल्या आयतांवर न शिकवितां एक दिवस दोरी घेऊन गांवच्या शेतांत शिकवावा, आणि निघालेलें उत्तर त्याच शेताच्या उताऱ्याशीं ताडून पाहावें. ह्यास पैसा लागत नाहीं.

शाळा हें करील तेव्हां करो. घरीं करण्यासारखीं पांच कामें आम्ही खातेदार बंधूंस सुचवितों.

पहिलें, मापांचें कोष्टक घरांतील प्रत्येकास पाठ असावें. ४० गुंठे म्हणजे एक एकर. एक गुंठा म्हणजे सुमारें एक आर. १०० आर म्हणजे एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. एवढ्यावर मोठी चूक पकडतां येते.

दुसरें, सर्व सातबारे व आठ-अ समोर ठेवून क्षेत्राची बेरीज जुळवावी. पोटखराबा निराळा मोजलेला असतो हें विसरूं नये. नांवांचीं अक्षरें, वडिलांचें नांव व हिस्सा हीं एकेक करून पाहावीं.

तिसरें, सातबारावर जे फेरफाराचे क्रमांक असतात त्यांचे उतारे काढून घरीं ठेवावे. कोणतें नांव केव्हां व कशाच्या आधारें लागलें किंवा कमी झालें, हें फेरफारावरूनच कळतें. नव्या फेरफाराची नोटीस आली असतां ती वाचल्याशिवाय सही करूं नये, आणि हरकत असेल तर मुदतींत लेखी द्यावी. अधिकार-अभिलेखांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरावी असें कलम १५७ सांगतें. मागाहून तोंडी रडून उपयोग होत नाहीं.

चौथें, पीकपाहणी स्वतः आपल्या शेतांत उभें राहून करावी. पीकविमा, नुकसानभरपाई व सरकारी खरेदी ह्या वेळीं ती नोंद पाहिली जाते. दुसऱ्यास मोबाइल देऊन केलेल्या पाहणींत सोयाबीनच्या जागीं तूर लागली, तर तो दोष यंत्राचा नव्हे.

पांचवें, इतर इशारेवजा गोष्टींपेक्षां हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. वर्षांतून एक दिवस, पाडवा असो कीं अक्षय्य तृतीया, घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें आणि शाळेंत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें सर्व उतारे मोठ्यानें वाचून दाखवावे. वडील माणसांनीं ऐकावें व शेत डोळ्यांसमोर आणून प्रत्येक आंकडा खरा कीं खोटा तें सांगावें. मुलास कागद वाचतां येतो, पण जमीन ठाऊक नाहीं. आजोबांस जमीन ठाऊक, पण कागद वाचतां येत नाहीं. दोघे एकत्र बसले म्हणजे तंत्रविद्या पुरी होते. हें घरचें चावडीवाचन होय.

असो. ज्या वृद्ध गृहस्थाची हकीकत वर सांगितली त्यांच्याकडे आम्ही सेवानिवृत्त झाल्यावर एकदां मुद्दाम गेलों होतों. त्यांनीं चहा दिला, आणि नातीस हांक मारून ट्रंकेंतला उतारा आणविला. ती मुलगी सातवींत होती. तिनें तो आमच्यासमोर खणखणीत वाचला आणि शेवटीं आपण होऊन म्हणाली, “शून्य हेक्टर एक्यायशीं आर, म्हणजे दोन एकर, बरोबर आहे.” आमच्या उभ्या नोकरींत आमच्या कामाची एवढी चोख तपासणी कोणत्याहि साहेबानें केली नव्हती. अशी तपासणी घरोघर होऊं लागेल तेव्हां संगणक असो वा त्याच्याहि पुढचें कांहीं येवो, शेतकऱ्यास त्याची भीति बाळगण्याचें कारण उरणार नाहीं.